अर्धा किलो अभय

ज्या दिवशी आमच्या इमारतीतील तळमजल्यावरच्या आजींच्या गळ्यातील सोनसाखळी, सायंकाळी साडेसातच्या सुमारास, कन्नमवार नगरातील ज्या आतल्या रस्त्यावरच्या खांबावर गेले कित्येक महिने दिवा सोडून बाकी सर्व काही, म्हणजे शिकवण्यांच्या जाहिराती, भाड्याच्या खोलीचे फलक आणि एक फाटका पतंग, सुस्थितीत होते, त्या रस्त्यावर मोटारसायकलीवरून आलेल्या दोन अज्ञात इसमांनी हिसकावून नेली, त्याच दिवशी रात्री नऊ वाजता आमच्या सोसायटीच्या समस्त पुरुषवर्गाने गच्चीवर जमून असा ठराव एकमताने संमत केला की, यापुढे आपल्या स्त्रीवर्गाच्या संरक्षणाचा प्रश्न केवळ दैवावर सोपवून चालणार नाही. स्त्रीवर्ग या सभेस हजर नव्हता. तो त्या वेळी तळमजल्यावर आजींना चहा पाजीत बसला होता.

ठराव संमत झाला की त्याच्या पाठोपाठ उपसमिती येते, हा सहकारी गृहनिर्माण संस्थांचा सनातन धर्म होय. आमच्या उपसमितीत चार विद्वान आणि एक चिटणीस होते. लष्कराच्या भांडारखात्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले सुभेदारसाहेब हे शस्त्रविद्येचे अधिकारी. टागोर नगरातील एका शाळेत तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकविलेले मास्तर हे शास्त्राचे. न्यायालयाच्या दप्तरात ज्यांची हयात गेली ते अण्णा हे कायद्याचे. आणि खजिनदार हे, त्यांच्या नावावरून स्पष्टच आहे त्याप्रमाणे, नकाराचे. चिटणीसपद माझ्याकडे आले, ते माझ्या लेखनगुणामुळे आले असा माझा काही काळ समज होता. परंतु पुढे असे कळले की, आमच्या इमारतीत रोज विक्रोळीहून लोकलने फोर्टात नोकरीला जाणारी आणि अंधार पडल्यावर परतणारी गृहिणी माझ्याच घरात असल्याने, प्रयोगासाठी लागणारी पत्नी पुरविण्याची जबाबदारी मजवर यावी, या हेतूने ती तजवीज झाली होती.

पहिल्याच बैठकीत सुभेदारसाहेबांनी ताराराणींपासून प्रारंभ करून झाशीच्या राणीसाहेबांपर्यंत येऊन, ज्या प्रांताच्या लेकी घोड्यावर मांड ठोकून तलवार चालवीत त्या प्रांताच्या सुनांनी आज गळ्यावर पदर ओढून रस्त्याच्या कडेकडेने चालावे, ही गोष्ट आपणांस कितपत शोभते, असा सवाल टाकला. आणि त्या सवालाचे उत्तर म्हणून पिशवीतून एक कागद काढला. त्यावर तीन नावे होती : निर्भीक, निडर आणि प्रबल. नावे ऐकताच खजिनदारांची समजूत अशी झाली की सुभेदारसाहेबांना नातू झाला असून बारशासाठी सूचना मागविण्यात येत आहेत, आणि त्यांनी ‘प्रबल’ या नावाला अनुमोदनही देऊन टाकले. ती तिन्ही रिव्हॉल्व्हरांची नावे आहेत हे कळल्यावर ते दचकले. पण अनुमोदन इतिवृत्तात एकदा नोंदले गेले होते.

त्यानंतरची चर्चा ज्या रीतीने झाली, ती दूरवरून ऐकणाऱ्याला आम्ही एखाद्या उपवर मुलीसाठी स्थळे पाहत आहोत असेच वाटले असते. कारण प्रत्येक उमेदवाराचे घराणे, वजन, उंची, स्वभाव आणि देण्याघेण्याचा आकडा यांचा तितक्याच गांभीर्याने ऊहापोह झाला. निर्भीक हे कानपूरच्या सरकारी आयुध-कारखान्याचे अपत्य. दिल्लीत डिसेंबर २०१२मध्ये जे अमानुष कृत्य घडले, त्याने सारा देश हादरल्यानंतर, जानेवारी २०१४मध्ये खास स्त्रियांसाठी म्हणून ते बाजारात आणले गेले आणि त्याचे नावही त्या कृत्याला बळी पडलेल्या दुर्दैवी मुलीला लोकांनी दिलेल्या नावाच्या अर्थावरूनच ठेवले गेले. बोअर पॉइंट बत्तीस, गोळ्या सहा, वजन सुमारे ५०० ग्रॅम, आणि त्या वेळची किंमत करांसह १ लाख २२ हजार ३६० रुपये. ते दागिन्यांच्या पेटीसारख्या डाळिंबी पेटीत घालून दिले जाई, हे सुभेदारसाहेबांनी विशेष अभिमानाने सांगितले. निडर हे बंगालमधील ईशापूरच्या कारखान्याचे. बोअर पॉइंट बावीस, वजन अवघे २५० ग्रॅम, सुरुवातीची किंमत पस्तीस हजारांच्या घरात. म्हणजे गरीब घरचे, सडपातळ, पण होतकरू. आणि प्रबल हे पुन्हा कानपूरचेच, ऑगस्ट २०२३मध्ये पुढे आलेले. वजन ६७५ ग्रॅम, काडतुसांचे चक्र बाजूला उघडणारे, आणि पल्ला चांगला ५० मीटरांचा.

या ठिकाणी खजिनदारांनी दोन प्रश्न उपस्थित केले. पहिला असा की, लाखाच्या सोनसाखळीच्या रक्षणार्थ सव्वा लाखाचे रिव्हॉल्व्हर घेतले, तर त्या रिव्हॉल्व्हरच्या रक्षणार्थ काय घ्यावयाचे? आणि दुसरा असा की, सकाळच्या आठच्या लोकलमध्ये महिलांच्या डब्यात जेथे दोन जिवांच्या मध्ये वर्तमानपत्राची घडी सरकत नाही, तेथे ५० मीटरांच्या पल्ल्याचे करावयाचे काय? पहिल्या प्रश्नाला उत्तर नव्हते, म्हणून तो दप्तरी दाखल झाला. दुसऱ्याला सुभेदारसाहेबांनी ‘तत्त्वाचा प्रश्न आहे’ असे उत्तर दिले.

खरी रंगत आली ती धक्क्याच्या प्रकरणी. बंदूक उडाली की ती उडविणाराच्या हाताला मागे धक्का देते, आणि स्त्रीचे मनगट नाजूक असल्यामुळे तिच्यासाठी कमी धक्क्याचे हत्यार निवडले पाहिजे, हा सुभेदारसाहेबांचा सिद्धान्त. शिवाय ते लहान हवे, म्हणजे लपविता येईल. आणि हलके हवे, म्हणजे वागविता येईल. यावर मास्तर, जे आतापर्यंत शेंगदाणे खात होते, ते खडू सापडत नसल्याच्या जुन्या व्याकुळतेने उठले आणि म्हणाले, की हलके हत्यार आणि हलका धक्का या दोन वस्तू एकाच वेळी मागणे म्हणजे लोकल जलदही हवी आणि रिकामीही हवी असे मागण्यासारखे आहे. गोळी जेवढ्या आवेगाने पुढे जाते तेवढ्याच आवेगाने हत्यार मागे येते, हा न्यूटनने १६८७मध्ये छापून प्रसिद्ध केलेला नियम असून त्याला कानपूरचा कारखाना अपवाद नाही. गोळी तीच ठेवून हत्याराचे वजन निम्मे केले, की ते दुप्पट वेगाने तळहातावर येऊन आदळते. सुभेदारांच्या काळच्या बोजड बंदुकीला सैनिक खांद्यावरून वाहताना शिव्या देत, पण उडविताना तिचे वजनच त्यांच्या खांद्याची कीव करी. म्हणून, मास्तरांनी निष्कर्ष काढला, स्त्रीदाक्षिण्याने प्रेरित होऊन हत्यार जो जो हलके करावे, तो तो ते स्त्रीच्याच हातावर अधिक दात काढते. आणि ही गोष्ट हत्यारापुरतीच खरी आहे असे नव्हे.

या धक्क्यातून मार्ग एकच, तो म्हणजे काडतूसच सौम्य घेणे. आणि येथे अण्णांनी कायद्याचे जे एक कलम समजावून सांगितले, त्याने उपसमितीच्या पुरुषार्थाला बराच मुका मार बसला. नऊ मिलिमीटरसारखी जबर काडतुसे लष्कर आणि पोलीस यांच्यासाठी राखलेली असून ती सामान्य नागरिकास निषिद्ध आहेत. नागरिकाच्या वाट्याला येते ते मुख्यतः पॉइंट बत्तीस. जगातील जाणकार जे काडतूस सौम्य, अल्पधक्क्याचे आणि नवशिक्याच्या किंवा दुबळ्या मनगटाच्या हातात शोभणारे म्हणून गणतात, तेच ते. म्हणजे कमरेला परवान्याचे पिस्तूल लावून लग्नाच्या मांडवात छाती काढून हिंडणारे जे मिशाळ गृहस्थ आपण पाहतो, त्यांच्या कमरेलाही, बोअरपुरते बोलावयाचे तर, बायकांचेच हत्यार असते. सुभेदारसाहेबांनी आपल्या मिशीवरून एकवार हात फिरविला आणि विषय बदलला.

बदललेला विषय रिव्हॉल्व्हर की पिस्तूल असा होता. पिस्तूल चपटे, म्हणून लपविण्यास सोयीचे. परंतु त्याचा वरचा सरकता भाग जोर लावून मागे ओढावा लागतो आणि तो मध्येच अडकला तर तो सोडविण्याची विद्या अंगी असावी लागते. रिव्हॉल्व्हर पोटाला फुगीर, पण स्वभावाने सरळ. चाप ओढला की चक्र फिरते, आणि एखादे काडतूस फुसके निघालेच तर पुन्हा चाप ओढावा, म्हणजे पुढचे समोर येते. मात्र जो चाप घोडा उचलण्याचे आणि सोडण्याचे काम एकट्यानेच करतो, तो चांगला जड असतो, आणि त्या ओढाओढीत नेम हलतो. नळी आखूड, म्हणून माशी आणि खाच यांतील अंतर थोडे, म्हणून हात केसभर हलला तरी गोळी हातभर सरकते. मूठही आखूड, म्हणून करंगळीला बसावयास जागा नाही. एकंदरीत, लपविण्यासाठी हत्यारातून जे जे कापून काढावे, ते ते नेम धरण्यासाठी नेमके हवे असते, असे दिसून आले. सारांश, सुभेदारसाहेब म्हणाले, लहान हत्यार हे नवशिक्याचे नव्हेच. ते पट्टीच्या नेमबाजाचे. पुष्कळ सराव हवा.

“सराव कोण करणार?” असे मी चिटणीस या नात्याने विचारले. सर्वांनी माझ्याकडे असे पाहिले, की उत्तर लिहून घेण्याची आवश्यकता उरली नाही.

आता, आमच्या सौ.च्या मनगटाविषयी उपसमितीला जी चिंता होती, तिचे निराकरण करण्यासाठी एक प्रयोग योजण्यात आला. निर्भीकचे वजन अर्धा किलो. म्हणून अर्धा किलो तूरडाळीचे एक बंद पाकीट हाती घेऊन हात सरळ समोर धरावा आणि तो किती वेळ थरथरत नाही हे पाहावे, अशी कसोटी ठरली. रीत दाखविण्यासाठी प्रथम सुभेदारसाहेबांनी पाकीट धरले. पाऊण मिनिटात डाळ खुळखुळू लागली. नंतर ते सौ.कडे देण्यात आले, तेव्हा ती दूरध्वनीवर आपल्या बहिणीशी बोलत होती. तिने दुसऱ्या हाताने पाकीट धरले आणि बहिणीच्या जावेच्या स्वभावाचे विवेचन संपेपर्यंत, म्हणजे मास्तरांच्या घड्याळाप्रमाणे सव्वाचार मिनिटे, ते समोर तसेच धरून ठेवले. जी व्यक्ती विक्रोळीपासून मुंबईपर्यंत पाऊण तास एका हाताने डोक्यावरची कडी आणि दुसऱ्या हाताने पर्स, डबा व छत्री धरून उभी राहते, तिच्या मनगटाची कीव करणारे आम्ही कोण, असा विचार माझ्या मनात आला. पण तो इतिवृत्तात घेण्यास सुभेदारसाहेबांनी हरकत घेतली. तरी अण्णांनी आठवण करून दिलीच, की पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत २०१८मध्ये सुवर्णपदक आणणारी राही सरनोबत ही आपल्या कोल्हापूरचीच, आणि २०१०मध्ये म्युनिकला रायफलीत जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंतही तेथलीच. तेव्हा मराठी बाईच्या मनगटाचा प्रश्न निकालात निघाला असे समजण्यास प्रत्यवाय नसावा.

परंतु शस्त्र उचलणे वेगळे आणि लपविणे वेगळे. पुरुषाच्या पोशाखाला ज्या शिंप्याने खिसे दिले, त्याने स्त्रीच्या पोशाखाकडे येताना कैची का आवरती घेतली, हे एक कोडेच आहे. साडीला खिसा नाही. पूर्वीच्या काळी बायका कनवटीला चार आणे खोचीत, परंतु चार आण्यांना चाप नव्हता. कमरेला पट्टा आणि म्यान लावावे, तर नऊवारीतल्या वीरांगनेला शोभेल. पाचवारी नेसून विमाकचेरीत फायली तपासणाऱ्या बाईच्या कमरेला ते दिसले, तर तिच्या पदोन्नतीचा प्रश्न अनपेक्षितपणे लवकर सुटेल, एवढेच. उरली पर्स. आणि पर्समध्ये ठेवलेले हत्यार म्हणजे काय, याचा अनुभव यावा म्हणून तेच तूरडाळीचे पाकीट, रुमालात गुंडाळून, आठवडाभर सौ.च्या पर्समध्ये ठेवण्याचा हुकूम उपसमितीने सोडला, आणि चिटणीसाने अवचित ‘चोर!’ असे ओरडावे, तत्क्षणी तिने पाकीट बाहेर काढून रोखावे, असे ठरले.

सोमवारी सायंकाळी ती दारात पाऊल टाकते आहे तोच मी ‘चोर!’ म्हणून ओरडलो. सौ.ने पर्समध्ये हात घातला. प्रथम रेल्वेचा पास निघाला. मग किल्ल्यांचा जुडगा, डोकेदुखीचा मलम, सिद्धिविनायकाच्या प्रसादाची पुडी, विजेच्या बिलाची पावती, एक केळे, सुईदोरा, माझाच हरवलेला चष्मा, ज्याविषयी मी तीन आठवडे धाकट्यावर संशय घेत होतो, आणि सरतेशेवटी, अठ्ठेचाळीसाव्या सेकंदाला, तूरडाळ. तोपर्यंत चोर, मास्तरांच्या हिशेबाप्रमाणे, ताशी चाळीस किलोमीटरांच्या वेगाने पाचशे मीटरांपलीकडे गेला होता, म्हणजे प्रबलच्या पल्ल्याच्याही दहापट दूर. मंगळवारी हीच वेळ एकेचाळीस सेकंदांवर आली आणि उपसमितीत उत्साहाचे वातावरण पसरले. बुधवारी मी ओरडलो तेव्हा पर्समध्ये डाळ नव्हती. घरातील डाळ संपल्याने सौ.ने ती कुकरला लावली होती. अशा रीतीने आमचे शस्त्र, परवाना मिळण्याच्या आधीच, फोडणीसह शिजले. आणि ते चवीला उत्तम होते असा शेरा खजिनदारांनी, ज्यांना योगायोगाने जेवणाच्या वेळी इतिवृत्त तपासण्याची आठवण झाली होती, मारला.

शस्त्र शिजल्यावर कायद्याचे ताट वाढण्याची जबाबदारी अण्णांवर आली, आणि त्यांनी ते पंक्तीतल्या आग्रहाने वाढले. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८मध्ये या देशातील माणसाने हत्यार बाळगावयाचे तर सरकारची परवानगी घ्यावी, आणि गोऱ्या माणसाने घेण्याचे कारण नाही, असा कायदा झाला. स्वराज्यात १९५९मध्ये तो रद्द होऊन नवा आला, त्याने गोऱ्याकाळ्यांतील तो अन्याय दूर केला आणि परवानगी सर्वांनाच लागेल असे केले. अर्जदाराचे वय एकवीस पूर्ण असावे. मुंबईत परवान्याचा अधिकार पोलीस आयुक्तांचा. अर्जासोबत निवासाचा दाखला, ओळखीचा दाखला, शरीर व मन ठिकाणावर असल्याचा वैद्यकीय दाखला. शस्त्र हाताळण्याचे रीतसर शिक्षण घेतल्याचा दाखला. शस्त्र घरी सुरक्षित बंदोबस्तात राहील याची हमी. शिवाय जवळच्या पोलीस ठाण्याचा चौकशी अहवाल. मंजूर झालाच, तर २०१९च्या दुरुस्तीप्रमाणे परवाना पाच वर्षे चालतो, पूर्वी तीनच चाले. काडतुसे किती घ्यावीत याचीही मर्यादा परवान्यावर लिहिलेली. म्हणजे उरलेल्या आयुष्यात किती वेळा चुकावे, तेही सरकार ठरविणार.

“आणि हा रकाना,” अण्णांनी चष्मा सारखा करून म्हटले, “शस्त्र कशासाठी हवे, त्याचे कारण. जिवाला धोका कोणापासून, ते स्पष्ट लिहावे लागेल, वहिनी.”

“लिहा, उपसमितीपासून,” सौ. आतून म्हणाली.

यापुढे अण्णांनी सांगितलेली गोष्ट आम्हा विक्रोळीकरांना विशेष मननीय वाटली. निवडणुका जाहीर झाल्या की परवानाधारकांना आपली हत्यारे बहुधा पोलीस ठाण्यात नेऊन जमा करावी लागतात. २०२४ या एका सालातच लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. तेव्हा चोरांनी निवडणुकीचे वेळापत्रक वाचण्यास आरंभ केल्यास काय होईल, हे सांगावयास ज्योतिषी नको. आणि गंमत अशी की, स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२मध्ये झाली, तेव्हा तिच्यासाठी लोखंडी मतपेट्या घडविल्या गेल्या त्या आमच्या विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात, बारा लाखांहून अधिक, आणि त्याही काही महिन्यांत. ज्या गावाने राष्ट्राला मतपेटी दिली, त्या गावच्या बाईने मतदानाच्या काळात आपले संरक्षण ठाण्यात जमा करून निःशस्त्र रांगेत उभे राहावे, यात एक प्रकारची काव्यमयता आहे, असे मास्तर म्हणाले.

सुरक्षित बंदोबस्ताच्या रकान्यापाशी मात्र उपसमितीला पुन्हा हुरूप आला. कारण ज्या स्थळी १९४३पासून कुलपे आणि तिजोऱ्या करणाऱ्या घराण्याची जमीन आहे, तेथील घरोघरी पोलादी कपाट असणारच. आमचे कपाट माझ्या लग्नातले. त्याच्या आतल्या लॉकरमध्ये रिव्हॉल्व्हर ठेवावे, लॉकरची किल्ली कपाटात, आणि कपाटाची किल्ली, ती लग्नापासून जेथे आहे तेथेच, म्हणजे सौ.च्या कमरेला. व्यवस्था निर्दोष होती. फक्त एवढेच, की आजींची सोनसाखळी गेली ती कपाटापाशी नव्हे, रस्त्यावर गेली. आणि रस्त्यावर न्यावे तर तूरडाळीचा अनुभव ताजा होता. शिवाय घाटकोपरच्या मॉलच्या दारी आणि मेट्रोच्या जिन्यावर पर्स उघडून दाखवावी लागते, तेव्हा गुप्ततेचा प्रश्न तेथेच संपतो, हेही लक्षात आले. जानेवारी २०१३मध्ये मुंबईत एका राजकीय पक्षाने स्त्रियांना तीन इंचांच्या आतल्या पात्याचे चाकू वाटले होते, त्यांचा मार्ग धरावा काय, असेही एकाने सुचविले. परंतु त्यांपैकी एक चाकू आमच्या जिन्यावर अद्याप हयात असून त्याने आजवर परतीच्या लोकलमध्ये केवळ फरसबी निवडली आहे, असे कळल्याने तो मार्ग सोडून द्यावा लागला.

सहा आठवडे आणि अकरा बैठका झाल्यावर, अर्जावर सही कोणाची लागणार हा प्रश्न निघाला, आणि तेव्हा प्रथमच उपसमितीच्या ध्यानात आले की सही सौ.ची लागणार. तिला रीतसर पाचारण करण्यात आले. ती हात पुसत आली, अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, जे आमच्यापैकी अण्णांखेरीज कोणीही केले नव्हते, आणि म्हणाली :

“मला दोनतीन गोष्टी कळत नाहीत, त्या सांगा. चोर मागून येतो, गाडीवरून येतो, हिसका मारतो आणि जातो. मी पुढून नेम कोणावर धरू? ज्याच्या मागे भाजीवाला, शाळेची मुले आणि आपल्याच इमारतीची खिडकी आहे, त्याच्यावर? बरे, माझ्यापाशी हत्यार आहे हे चोराला ठाऊक नसेल, तर तो भिणार कशाला? आणि ठाऊक असेल, तर तो साखळी सोडून पर्सच ओढील. सोन्यापेक्षा तीच महाग. धक्क्याचे म्हणाल सुभेदारसाहेब, तर सकाळी आठच्या गाडीला विक्रोळीला चढून दाखवा, मग धक्क्यावर बोलू.”

सुभेदारसाहेबांनी कागद चाळल्यासारखे केले.

“आणि शेवटचे. त्या खांबावरचा दिवा गणपतीपासून गेला आहे. त्यासाठी अर्ज करा म्हणून आम्ही बायकांनी सोसायटीला दोनदा लिहून दिले. ते कागद कुठे आहेत, अहो?”

चिटणीस या नात्याने ते कागद माझ्याकडेच असावयास हवे होते. ते होते. रिव्हॉल्व्हरच्या फायलीखाली दबले होते. फाइल जाड झाली होती.

यानंतर जे झाले त्यात उपसमितीचा सहभाग नाही, म्हणून ते लवकर आटोपले. सोमवारी सकाळी आमच्या इमारतीतील अकरा बायका, तळमजल्यावरच्या आजींना मध्यभागी घालून, संबंधित कचेरीत गेल्या. तेथील साहेब बैठकीला गेले असल्याचे सांगण्यात आले. बायका बाकावर बसल्या आणि त्यांनी डबे सोडले. आजींनी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकास सोनसाखळीची कथा, तिच्या घडणावळीपासून, प्रारंभापासून सांगण्यास सुरुवात केली. तिसऱ्या पारायणाच्या वेळी साहेब बैठकीतून परत आल्याचे निष्पन्न झाले. बुधवारी शिडीची गाडी आली.

या लेखाचे वाचन उपसमितीपुढे झाले, तेव्हा अल्पवजनी आणि अल्पधक्क्याचे हत्यार कोणते, या मूळ प्रश्नाचा निर्णय त्यात आलेला नाही, अशी हरकत सुभेदारसाहेबांनी घेतली. ती रास्त आहे. म्हणून तो येथे नमूद करतो : ज्या बाईला हौस आहे, सवड आहे, वरळीच्या नेमबाजीच्या मैदानावर आठवड्याचे काही तास घालविण्याची तयारी आहे आणि जिच्या जिवाला खरोखरीचा धोका आहे, तिने हत्यार स्वतः हातात धरून, स्वतःच्या मुठीला बसेल ते, अती हलके नसलेले, खुशाल निवडावे; मात्र निवडताना आपल्या यजमानांस, त्यांच्या मित्रांस आणि विशेषतः त्यांच्या उपसमितीस बरोबर नेऊ नये. ज्याला वागवावयाचे नाही त्याला प्रत्येक ओझे हलकेच वाटते.

अर्जाचा कोरा नमुना तूर्त आमच्या कपाटाच्या लॉकरमध्ये आहे आणि किल्ली सौ.च्या कमरेला आहे. इतिवृत्तात, दिवा उपसमितीच्या अविरत प्रयत्नांमुळे सुरू झाला, अशी नोंद झाली असून तीवर माझी सही आहे. दिवा रोज सायंकाळी सात वाजता लागतो.